आयर्लंडचा राहिलेला चौथा दिवस

बाबा गोल्फ शिकले ते डब्यामुळे. आम्ही नागपूरहून अमेरिकेत ट्रॉयला आलो तेव्हा ते मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते, आणि दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या विभागातले साहेब लोक गाडीच्या डिकीत गोल्फच्या पिशव्या टाकून निघून जात. बाबा आपल्या टेबलाशी बसून पोळी आणि भरलं वांगं खात, डबा विसळून आणत, आणि सोमवारी त्यांना कळे की ज्या मुद्द्यावर ते महिनाभर डोकं फोडत होते तो शुक्रवारी गवतावर चालता चालता निकालात निघाला आहे. असं दोनतीनदा झाल्यावर ते एका गराज सेलमधून जुनी पिशवी घेऊन आले. आईने पिशवीतल्या काठ्या एकेक करून बाहेर काढल्या आणि म्हणाली, "इतक्या काठ्या कशाला बाप्पा? चेंडू तर एकच मारून राहिले तुम्ही." खरं तर बाबांनाही ते माहीत नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या घराचा आवाज बदलला. बाहेर बर्फ, खिडक्या बंद, वर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि खाली तळघरातल्या गालिच्यावर बाबांचा सराव. होल म्हणून त्यांनी स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवलं होतं. चेंडू आत गेला की टण्ण असा आवाज येई, चुकला की वॉशिंग मशीनवर धप्प. मी वर बीजगणित सोडवत बसलेली असे. धप्प, धप्प, धप्प, मग कधीतरी बाबांचं स्वतःशीच घसा खाकरणं, आणि त्यानंतर एक टण्ण. आई फोडणी देताना म्हणायची, "गेला वाटते एक." आता माझे केस आईच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे झालेत, आणि लोक मला विचारतात की परक्या देशात तुमचं बालपण एकटं गेलं का. त्यांना मी काय सांगू? आमच्या घरात एकटं वाटायला शांतता कुठे होती.

बर्फ वितळल्यावर बाबा मागच्या अंगणात उतरले. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कुंपण नव्हतं, नुसती झुडपांची रांग होती, आणि त्या रांगेपलीकडे एक उंच, लाल तोंडाचे म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून चहा पीत बसत. तीनचार संध्याकाळी त्यांनी बाबांचा तो प्रकार सहन केला. मग एक दिवस झुडपं बाजूला सारून सरळ आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "साप मारायचा असेल तर फावडं घे. चेंडू मारायचा असेल तर आधी हात सैल सोड." ते डेक्लन. मूळचे आयर्लंडचे, एके काळी पैशासाठी गोल्फ खेळणारे, नंतर आमच्या गावाबाहेरच्या एका मैदानावर लोकांना शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, एक मुलगी दूर फिनिक्सला. आईने पहिल्याच दिवशी मला बजावलं की मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची नाही, त्यामुळे ते डेक्लनकाका झाले. ते आईला "मिसेस" म्हणत आणि बाबांना, नाव जमेना म्हणून, "इंजिनियर". त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत असे, पण इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यात मराठीच होऊन बसलंय, म्हणून इथे मराठीतच लिहिते.

शनिवारी सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. आई सांबारवडी करायची. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिची खसखस-खोबरं घातलेली, तळलेली लांबट वडी. डेक्लनकाका ती कढीत बुडवून खात आणि प्रत्येक वेळी कान लाल झाले की म्हणत, "मिसेस, हे बेकायदेशीर असायला हवं." खाऊन झालं की ते त्यांच्या आयर्लंडच्या स्पर्धेची गोष्ट सांगत. ती आम्हाला इतकी पाठ झाली की मी अजूनही झोपेतून उठून सांगेन. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरचं मैदान. वारा असा की मारलेला चेंडू परत आपल्याच पायाशी यायचा. एका बिस्किटांच्या कंपनीने खर्च उचलला होता, म्हणून पहिली काही वर्षं खेळाडूंना मानधनापेक्षा बिस्किटंच जास्त मिळायची. प्रेक्षकांत शेतकरी, पाद्री, छत्र्या उलट्या झालेल्या बायका. मग हळूहळू स्पर्धा मोठी झाली, इंग्लंड-अमेरिकेचे नावाजलेले खेळाडू विमानाने येऊ लागले, टीव्हीवाले आले, आणि डेक्लनकाकांसारखे छोट्या गावातल्या क्लबात शिकवणारे लोक मागच्या दाराने, म्हणजे आधी पात्रता फेरी खेळून, यादीत शिरू लागले.

स्पर्धा चार दिवसांची. ज्या वर्षीची गोष्ट ते शेवटी सांगायचे, आणि जी सांगताना हातातली वडी खाली ठेवायचे, त्या वर्षी तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी ते एका फटक्याने सगळ्यांच्या पुढे होते; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. त्या रात्री समुद्रावरून वादळ आलं. तंबू उडाले, मैदान पाण्याखाली गेलं, आणि सकाळी आयोजकांनी जाहीर केलं की चौथा दिवस होणार नाही. विजेता कुणीच नाही. पुढच्या वर्षी नक्की भेटू म्हणून सगळे हात मिळवून गेले. पुढच्या वर्षी बिस्किटांची कंपनी कुणीतरी विकत घेतली, आणि नव्या मालकांना गोल्फमध्ये रस नव्हता. यंदापुरती पुढे ढकलली असं वर्तमानपत्रात आलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेवढंही आलं नाही. "मेली असती तर रडलो असतो," ते म्हणायचे. "ती नुसती यायची थांबली." मग ते आईकडे वळून विचारायचे, "मिसेस, मी जिंकलो असतो का?" आई न चुकता म्हणायची, "शुअर, काका. हंड्रेड पर्सेंट." आणि ते न चुकता नकारार्थी मान हलवायचे, कारण त्यांना ते उत्तर नको असायचं. आम्हाला हे कळायला फार वेळ लागला.

मी अकरावीत गेले त्या सुमारास त्यांचे डोळे बिघडले. बाजूचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून गेल्यासारखं होई. चहाचा कप ते हाताने चाचपून उचलू लागले. तरीही खेळायचं सोडलं नाही. चेंडू पायाशी ठेवून दिला की टोला अजून सरळ जाई, फक्त कुठे पडला ते दिसत नसे. तेव्हा आई त्यांच्याबरोबर मैदानावर चालू लागली. आईला गोल्फचं ओ की ठो कळत नव्हतं, पण तांदळातला खडा ती स्वयंपाकघराच्या दारातून बघू शकायची. साडी, वरून बाबांचं जाकीट, आणि हात लांब करून, "काका, देअर, नियर दॅट ट्री, लिटल लेफ्ट." बाबांच्या मराठी मित्रांना त्याची फार गंमत वाटे. दोघे होते ते: मुंबईचे सावंतकाका, ज्यांचं सगळं बोलणं निम्मं चेष्टेत असे, आणि पुण्याचे गोखलेकाका, जे नियमांचं छोटं पुस्तक खिशात ठेवून खेळत आणि तरीही हरत.

त्या वसंतात डेक्लनकाकांच्या मुलीने फिनिक्सहून फोन करून सांगितलं की आता त्यांनी एकटं राहायचं नाही, उन्हाळ्याच्या शेवटी ती न्यायला येणार. डेक्लनकाका आमच्याकडे येऊन हे सांगून गेले आणि त्या दिवशी त्यांनी वडी मागितली नाही. ते गेल्यावर बाबा ओट्याशी आले. मग म्हणाले, "आपण त्यांना तो चौथा दिवस करून देऊ." सावंतकाकांना, गोखलेकाकांना फोन गेले. आमच्या गावाच्या नऊ होलांच्या मैदानावर ऑगस्टमधल्या एका शनिवारी आयर्लंडची ती स्पर्धा पुरी करायची, चौघांनी खेळायची, आणि अर्थातच डेक्लनकाकांनी जिंकायची. ते वेगळं ठरवावं लागलंच नाही. ज्याचा निरोप समारंभ, त्याला कोण हरवतं? सावंतकाका फोनवर म्हणाले ते मला दुसऱ्या रिसीव्हरवरून ऐकू आलं, "अरे यार, माझं हरायचं टेन्शन नको घेऊ. मी तर नॅचरल आहे."

बक्षीस मात्र आईने आधीच आणून ठेवलं होतं. डोळ्यांचं कळल्यापासूनच ती म्हणत होती की या माणसाला एकदा तरी काहीतरी जिंकू द्या, आणि जानेवारीत मामाच्या मुलाच्या लग्नाला नागपूरला गेली तेव्हा इतवारीच्या बाजारातून पितळेचा एक सुरेख गडू घेऊन आली. आता, आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून आणतात. काउंटरवरचा माणूस ते करकरणारं मशीन हातात घेतो, विचारतो, "काय नाव?" आणि आपण सांगतो. आईला त्याने विचारलं, तिने सांगितलं; तिच्या लेखी ती स्पर्धा काका केव्हाच जिंकले होते. ट्रॉयमध्ये कोण नाव घालून देणार होतं? गडूच्या काठाखाली गोल फिरवून ठिपक्याठिपक्यांत लिहिलं होतं: आयर्लंडच्या स्पर्धेचे विजेते डेक्लनकाका यांस, सप्रेम. बाबांनी ते वाचलं, मी वाचलं, सगळ्यांनी वाचलं, आणि त्यात काही चुकलंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

शनिवार उजाडला तो दमट आणि ढगाळ. माझं लायसन्स नवंकोरं होतं, म्हणून जेवणाचे डबे घेऊन गाडी मी चालवली. चौघे खेळले, आई डेक्लनकाकांचा चेंडू शोधत पुढे. मी पार्किंगजवळच्या लाकडी टेबलावरून शेवटचे होल बघत होते. बाबांनी हातभर अंतरावरून चेंडू इतका दूर ढकलला की तळघरात सुद्धा त्यांनी तसा कधी ढकलला नव्हता. सावंतकाकांनी एक चेंडू तलावात घालून कपाळावर हात मारून घेतला. डेक्लनकाका जिंकले. टाळ्या झाल्या, मग भातावर डाळीचे वडे कुस्करून वडाभात वाढला, कोशिंबीर, वड्या. ते हसत होते, पण त्या दिवशी वडीला बेकायदेशीर म्हणाले नाहीत. मग आईने गडू त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीने चाचपला. बोटं काठाखालच्या ठिपक्यांवर आली आणि तिथे थांबली. मग गोल फिरली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. "काहीतरी लिहिलंय," ते म्हणाले. "नीलू, वाच बघू." मी बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. मी वाचलं, इंग्रजी करून, अक्षर न गाळता. खोटं सांगायचं मनात आलं नाही असं नाही, पण जो माणूस बोटांनी वाचायचा प्रयत्न करतोय त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

"हे कधी लिहून घेतलं?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीत," मी म्हटलं. "नागपूरला."

"म्हणजे मी जानेवारीतच जिंकलो," ते म्हणाले, आणि गडू हळूच टेबलावर ठेवला. राग नव्हता त्यांच्या आवाजात. तो असता तर बरं झालं असतं. आई घाबरून मला विचारायला लागली, "काय झालं? स्पेलिंग चुकलं काय?" बाबा म्हणाले, "नाही गं. आपलंच चुकलं."

मग डेक्लनकाकांनी एकेकाची उलटतपासणी घेतली. "सावंत, किती मुद्दाम घालवले?" सावंतकाका पहिल्यांदाच चेष्टा विसरले. "मोजले नाहीत सर. जमेल तितके." "गोखले?" गोखलेकाका ताठ उभे राहिले. "मी एकही मुद्दाम चुकवलेला नाही. आय प्लेड माय बेस्ट गेम." आणि हे दुर्दैवाने खरं होतं. डेक्लनकाकांना हसू फुटलं, आणि ते हसल्यावर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. "इंजिनियर, तुला नाही विचारत. तुझं मला ऐकू येत होतं. तू खरं खेळतोस तेव्हा आधी घसा खाकरतोस. आज एकदाही खाकरला नाहीस." मग ते उठले आणि टोपी घातली. "तुम्ही मला जिंकणं द्यायला निघालात. मला ते नकोच होतं. त्या वर्षी मला कुणी हरवलं असतं तरी चाललं असतं. पण काय झालं असतं ते मला कुणी सांगितलंच नाही. आता शेवटचे तीन होल पुन्हा खेळू, मी आणि इंजिनियर. माझी एका फटक्याची आघाडी आहे, ती मी तिसऱ्या दिवशी कमावली होती, ती सोडणार नाही. इंजिनियर, तू बाकीचं सगळं आयर्लंड. आणि बरोबरी झाली तर जो जास्त वर्षं थांबलाय तो जिंकला."

त्यांचा गडू पुढे त्यांच्याबरोबर फिनिक्सला गेला. मुलीने नंतर आईला फोन करून विचारलं होतं की हा नेमका कशासाठी आहे, आणि आई तिला अर्धा तास सांगत होती. तिला काय कळलं देव जाणे. पण त्या दुपारी तो टेबलावर तसाच राहिला, वडाभातावर माश्या बसल्या, आणि आम्ही सगळे त्या दोघांच्या मागून चालत सातव्या होलाकडे गेलो.

बाबा खरंच खेळत होते हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. सातव्यावर डेक्लनकाकांचा चेंडू वाळूत गेला आणि आघाडी संपली. आठव्यावर दोघे बरोबर. आई शब्द न काढता चेंडू दाखवत होती, फक्त हात लांब करून, मग आठवण आली की ते त्यांना दिसत नाही, म्हणून हलकेच, "हिअर, काका." नवव्यावर दोघे सारख्याच फटक्यांत होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर पोचले. बाबांचा चेंडू चांगला दहा पावलांवर होता. त्यांनी घसा खाकरला आणि मारला. उताराला लागून तो चेंडू वळला, आणखी वळला, आणि टप्पकन आत पडला. आयुष्यात बाबांनी तसा टोला मारला नव्हता, पुढेही कधी मारला नाही. त्यांचं तोंड असं झालं की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं या माणसाची गाडी चोरीला गेली.

आता डेक्लनकाकांचा चेंडू एका टोल्यात आत जायला हवा होता. गेला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे ते विजेते. नाही गेला तर संपलं. अंतर फार नव्हतं, पण होल त्यांना दिसेना. "मिसेस, होलाच्या मागे उभ्या राहा," ते म्हणाले. "तुमचे बूट पांढरे आहेत. तेवढे मला कडेने दिसतील." आई जाऊन उभी राहिली आणि बूट दिसावेत म्हणून तिने साडी चार बोटं वर धरली. ते खूप वेळ वाकून उभे होते. मग अगदी हळू टोला दिला.

चेंडू सरळ आईच्या पायांकडे निघाला. सरळ, आणि हळू, आणि आणखी हळू, आणि होलाच्या काठावर येऊन थांबला. डेक्लनकाका मान वाकडी करून ऐकत होते. चेंडू आत पडला की आवाज येतो, आणि आता त्यांच्यासाठी निकाल म्हणजे तेवढा आवाज होता. आई चेंडूकडे बघत होती. तिच्या बुटाच्या टोकापासून तो वीतभर असेल. नुसती साडी सारखी करायला वाकली असती तरी निऱ्यांचा धक्का लागून पडला असता. सावंतकाका आईकडे बघत होते, बाबा तर डोळ्यांनी विनवत होते, आणि मला ठाऊक होतं की त्या माणसाने जिंकावं असं आमच्या सगळ्यांत जर कुणाला आतून वाटत असेल तर ते तिला. तिने सात महिने गडू कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं.

आईने साडी तशीच वर धरून ठेवली. "नाही गेला, काका," ती म्हणाली, आणि मग इंग्रजीत, "नॉट इन. आउटसाइड."

"किती बाहेर?"

"वन फिंगर."

डेक्लनकाकांनी श्वास सोडला तो मला एवढ्या लांबून ऐकू आला. "म्हणजे हरलो," ते म्हणाले. "एका फटक्याने." मग स्वतःशीच पुन्हा, "हरलो," आणि त्यांचा तो लाल चेहरा एकदम इतका मोकळा झाला की आई रडायला लागली. "थँक यू, मिसेस," ते म्हणाले. शेवटच्या होलावर करतात तशी त्यांनी टोपी काढली आणि विजेत्याशी मिळवायला हात पुढे केला, जिथे बाबा असतील असं त्यांना वाटलं तिथे. तिथे कुणीच नव्हतं. बाबा दुसऱ्या बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. त्यांनी हातातली काठी टाकली, धावत जाऊन त्या हातासमोर उभे राहिले, आणि तो दोन्ही हातांनी धरला.